सांगलीच्या हरभट रोडच्या बोळातलं जुन्या पुस्तकांचं दुकान, आणि मानेनं बोलणारा एक इंग्रजी शब्द

चार स्टार देतेय. एक कापला तो धुळीचा, आणि शटर कायम अर्धंच वर असतं त्याचा, आत शिरताना मी दोनदा डोकं आपटून घेतलंय. बाकी दुकान एक नंबर. पण नुसतं "कलेक्शन छान, दर वाजवी" लिहून माझं भागणार नाही, मी तिथं का गेले ते सांगितल्याशिवाय हे चार स्टार कशाचे ते कळायचं नाही, त्यामुळं जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

मी विजयनगरला कोर्टाजवळ टायपिंग आणि डीटीपीचं काम करते. नोटिसा, अर्ज, अफिडेव्हिट, भाडेकरार, आणि हल्ली हल्ली भाषांतर पण. म्हणजे वकील इंग्रजीत नोटीस काढतात आणि पक्षकाराला कळावं म्हणून त्याची मराठी प्रत मी करून देते. शब्द अडला की मोबाईलवर एक डिक्शनरी ॲप होतं, वर्षाला दोनशे नव्व्याण्णव रुपये भरलेलं, त्यात बघायचं आणि पुढं जायचं. चालत होतं की सगळं. आणि मग ते पतसंस्थेचं प्रकरण आलं.

(नावं, गाव, तपशील सगळं बदललंय, उगा अंदाज लावत बसू नका.) एका पतसंस्थेत ठेवीदारांचे पैसे अडकलेत, आज देतो उद्या देतो चाललंय, आणि त्याच महिन्यात चेअरमनच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत. त्यावर गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं मेसेज टाकला, "सर्व ठेवीदारांनी वास्तुशांतीला अगत्य यावे, घर आपलेच आहे." खाली हात जोडल्याचे तीन इमोजी. बस्स एवढंच. शिवी नाही, आरोप नाही, पैसे खाल्ले असा एक शब्द नाही, उलट आमंत्रणच आहे. पण चेअरमन खवळले आणि त्यांनी वकिलाकरवी अब्रुनुकसानीची नोटीस काढली, आणि त्या इंग्रजी नोटिशीत मेसेजमधलं वाक्य देऊन पुढं शब्द होता इन्युएंडो.

मी ॲपमध्ये टाकला. पहिलाच अर्थ आला "अश्लील सूचना". दुपारचे साडेतीन वाजलेले, अजून सहा नोटिसा बाकी, मी डोळे झाकून टाईप केलं, "सदर मेसेजद्वारे आमच्या अशिलाबाबत अश्लील सूचना करण्यात आलेली आहे."

वकीलसाहेबांनी प्रत हातात घेतली, वाचली, चष्मा काढला, परत वाचली. म्हणले, "ताई, आमच्या अशिलानं पैसे खाल्ले असं सुचवलंय त्यानं, डोळा मारला असं नाही." त्यांचा ज्युनिअर शेजारून म्हणतो, "साहेब, अशील आणि अश्लील, एका ल चाच तर फरक आहे." सगळी टपरी हसली. नोटीस गेली नव्हती म्हणून बरं, नाहीतर चेअरमननी माझ्यावरच दावा लावला असता.

ॲपचा रिव्ह्यू इथंच उरकते, एक स्टार. तसं अगदीच खोटं बोललं असं नाही हां, आजकालच्या बोलण्यातल्या इंग्रजीत तो शब्द जास्त करून तसल्याच अर्थानं येतो, सिनेमातले डबल मीनिंग डायलॉग वगैरे. पण कोर्टाच्या कागदात त्याचा अर्थ काय, तो कुठून आला, काही नाही, आणि पैसे भरून पण मधे मधे रमीची जाहिरात येते ती वेगळीच.

तर मोठी, जुनी, शब्दाची कुळकथा सांगणारी डिक्शनरी पाहिजे म्हणून मी या दुकानात गेले. हरभट रोडवरून आत बोळात वळायचं, स्कूटर रोडलाच लावा, बोळात लावली तर शेजारचा टेलर बोलतो. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, छतापर्यंत पुस्तकं, मधे एक माणूस जाईल एवढी वाट, दोघं समोरासमोर आले तर एकानं उलटं चालत बाहेर यायचं. सीईटीची गाईडं, दिवाळी अंक, कायद्याची पुस्तकं, कादंबऱ्या, सगळं एकावर एक, पण काकांना कुठं काय आहे ते पाठ. 2019 च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा हरभट रोड, मारुती चौक, सगळीकडं पाणी होतं आणि या दुकानात पण, भिंतीवर अजून ती लाईन दिसते, तिच्याखाली काकांनी आता पुस्तक ठेवायचं बंद केलंय, नुसत्या विटा आणि त्यावर फळ्या.

आता काकांबद्दल. काका सरळ एक वाक्य बोलत नाहीत. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, 1843 ला विष्णुदास भाव्यांनी इथंच सीतास्वयंवर उभं केलं, तेव्हापासून आमच्याकडं दर चौथा माणूस डायलॉगमध्येच बोलतो असं माझं मत आहे, पण काका त्या सगळ्यांचे बाप. मी गेले तेव्हा एक कॉलेजचं पोरगं उभ्या उभ्या कुठलीशी रहस्यकथा वाचत होतं, बराच वेळ झाला असणार कारण निम्मं पुस्तक झालेलं. काका त्याच्याकडं न बघताच म्हणले, "बुकमार्क देऊ का? उद्या इथनं पुढं वाचायला बरं." पोरगं लाल झालं आणि चाळीस रुपये काढले.

मी म्हणलं, "काका, इंग्रजी डिक्शनरी आहे का, मोठी, जुनी?"

"मोठी आहे, जुनी पण आहे. उचलून बघतात सगळे. परत ठेवताना म्हणतात मोबाईलमध्ये आहे."

म्हणजे घेणार असलात तर काढतो. कळलं मला. काढा म्हणलं.

वरच्या फळीवरनं त्यांनी जो ठोकळा खाली काढला तो दोन्ही हातांनी धरावा लागला. पुठ्ठा गेलेला, पहिली वीसेक पानं पण गेलेली, त्यामुळं कुणी छापली, कधी छापली काही सांगता येत नाही. खालच्या कडेला पुराच्या चिखलाची तपकिरी पट्टी, बोटभर रुंद, आणि त्या पट्टीत पानं पापडासारखी कडक झालेली. एन ते पी मधली पानं एकमेकांना चिकटलेली, ती उघडायला गेले तर कागद सुटायला लागला म्हणून सोडून दिलं. पण आय शाबूत. मी तिथंच, अर्ध्या शटरच्या उजेडात, इन्युएंडो काढला आणि खरं सांगते, पाच मिनिटं बाहेरचा हॉर्न पण ऐकू आला नाही.

शब्द लॅटिन. इन म्हणजे एखाद्याकडं, एखाद्याच्या दिशेनं, आणि न्युएरे म्हणजे मान हलवणं, मानेनं खूण करणं. त्या दोन्हीचं इन्युएरे, आणि त्याचं रूप इन्युएंडो, म्हणजे "मान हलवून", "मानेनं खुणावून". बघा आता. तोंडानं काही बोलायचं नाही, फक्त त्या माणसाकडं मान जरा कलती करायची. आपल्याकडं लग्नाच्या पंगतीत बायका करतात की, एक म्हणते "काही लोकांना काय हौस असते बाई दागिन्यांची" आणि हनुवटी इतकीशी कोपऱ्याकडं. सगळ्यांना कळतं कोण ते. नाव घेतलं का? नाही घेतलं. हेच ते इन्युएंडो, अगदी शब्दशः.

आणि पुढची गंमत अशी की इंग्रजीत हा शब्द टोमणा बनून आलाच नाही, तो आला कोर्टातून. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या कोर्टाच्या कागदात तो वापरायचे "म्हणजेच" या अर्थानं, कंसात. आपण नाही का लिहीत, "सदर इसम (म्हणजेच सामनेवाला क्र. 2)", तसंच. कुणी म्हणलं असेल "तो चोर आहे", तर फिर्यादीच्या कागदात लिहायचे, तो (इन्युएंडो, फिर्यादी) चोर आहे. म्हणजे त्यानं नाव घेतलं नाही पण मान माझ्याकडं हलवली होती, असं कागदावर सांगायची ती रीत. मग हळूहळू त्या कंसातल्या खुलाशालाच इन्युएंडो म्हणायला लागले, आणि सतराव्या शतकात तो कोर्टाबाहेर पडून कुठल्याही आडून मारलेल्या बोलण्याला चिकटला. म्हणजे मी दिवसभर जे "म्हणजेच" टाईप करते त्याच घरातला हा शब्द निघाला, आणि मी त्याला अश्लील म्हणून बसले.

काकांना म्हणलं किती. काका म्हणले साडेचारशे. मी म्हणलं, "काका, पुठ्ठा नाही, पानं चिकटलीत, दोनशे घ्या." काका माझ्याशी बोललेच नाहीत. आत काम करणाऱ्या पोराला हाक मारली, "अरे, मॅडमना रद्दीचा भाव सांग रे किलोचा." साडेतीनशेला सौदा झाला. पैसे क्यूआरवर घेतात, पण क्यूआरचा कागद पुस्तकांच्या मागं आहे, कुठंय विचारलं तर काका मान हलवून दाखवतात. इन्युएंडोच.

दुसऱ्या दिवशी ठोकळा वकीलसाहेबांना दाखवला तर ते खुलले एकदम, चहा मागवला. म्हणले, दंड संहितेतलं घड्याळाचं उदाहरण वाचलंय का? मी म्हणलं साहेब मी कलमं टाईप करते, वाचत नाही. 1860 च्या जुन्या दंड संहितेत 499, आणि 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेत 356, अब्रुनुकसानी. त्याच्याखाली उदाहरण दिलंय की एक जण म्हणतो, "अमका फार प्रामाणिक माणूस, त्यानं तमक्याचं घड्याळ कधीच चोरलं नाही", आणि हेतू असा की चोरलंय असंच लोकांना वाटावं, तर ही अब्रुनुकसानी. त्याच्यापुढचं उदाहरण तर अजून भारी, घड्याळ कुणी चोरलं असं एकाला विचारतात आणि तो काही न बोलता एकाकडं बोट दाखवतो, ती पण अब्रुनुकसानी. (कायद्यात अपवाद पण आहेत बरेच, लगेच शेजाऱ्यावर दावा टाकायला निघू नका.) पण शब्दाच्या पोटात मान, आणि कायद्याच्या उदाहरणात बोट, मला हे लय आवडलं.

मग त्यांनी इंग्लंडमधली एक केस सांगितली, 1931 ची, तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टात म्हणजे हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलेली. टॉली नावाचा गोल्फ खेळणारा, हौशी खेळाडू, म्हणजे खेळाचे पैसे न घेणारा. एका चॉकलेट कंपनीनं त्याला न विचारता जाहिरातीत त्याचं चित्र छापलं, खिशातून चॉकलेटचं पाकीट डोकावतंय. आता यात वाईट काय आहे? चॉकलेट खाल्लं तर खाल्लं. पण गोल्फ ज्यांना माहिती त्यांना त्यातून कळतं की यानं जाहिरातीचे पैसे घेतले, म्हणजे याचं हौशीपण खोटं. टॉली जिंकला. साहेबांचं म्हणणं, यालाच कायद्यात खरा इन्युएंडो म्हणतात, म्हणजे शब्द किंवा चित्र वरून साधं, पण ज्याला आतली गोष्ट माहिती त्यालाच ते बोचतं. आमच्या वास्तुशांतीचं तेच आहे. पुण्याच्या माणसाला तो मेसेज दाखवा, म्हणेल किती प्रेमळ गाव आहे, घर आपलंच म्हणतात. ज्याची ठेव अडकलीय त्याला विचारा.

मराठी शब्दावर मात्र आमचं अर्धा तास अडलं. ज्युनिअर म्हणाला टोमणा लिहा. पण टोमणा तोंडावर मारतात, ज्याला मारायचा तो समोर पाहिजे. कोपरखळी म्हणावं तर ती मैत्रीतली, कोपर लागतं पण हाड मोडत नाही. शालजोडीतला जवळ जातो, वरून शाल आणि आत जोडा, आणि वास्तुशांतीच्या आमंत्रणाला तर अगदी फिट, पण नोटिशीत "शालजोडीतून हाणले आहे" कसं लिहिणार? नथीतून तीर मारणं म्हणजे स्वतः मागं राहून दुसऱ्याकडून वार. हल्लीची पोरं म्हणतात पिन मारली. इंग्रजीतल्या एका शब्दाला आपल्याकडं हे एवढं गोत, आणि प्रत्येकाचं नातं वेगळं, कोण बोलतंय, कुणाला, समोर की मागं, हसत की दात ओठ खात. ॲपला यातलं काय घंटा माहिती.

आणि राजा म्हणजे लेकी बोले सुने लागे. हे मला पुस्तकातून शिकायची गरज नाही, माझ्या घरी आई आहेत. आई म्हणजे सासूबाई, लेक नागपूरला, त्यामुळं घरात लेकीचं काम मांजराकडं. त्या संध्याकाळी मी ठोकळा मांडीवर घेऊन बसले, आई ओट्याजवळनं म्हणाल्या, "मने, तुझं दूध आज आठनंतर बरं का. ग्रंथराज आलेत घरी." मनी माझ्याकडं बघत होती. मनीला पण कळतं इन्युएंडो.

मी उठून दूध तापवलं, आणि परत बसले, कारण डिक्शनरीत एक शब्द काढला की शेजारचे चार सुटत नाहीत. हिंट म्हणजे आपण इशारा म्हणतो, तो जुन्या इंग्रजीतल्या पकडणं, झडप घालणं अशा अर्थाच्या शब्दावरनं आलाय, आधी त्याचा अर्थ संधी असा होता, म्हणजे पकडायची वेळ, आणि मग इशारा. विचार केला तर बरोबर आहे, इशारा कुणीतरी पकडल्याशिवाय इशारा कसला, माझ्या नवऱ्याला विचारा, पंधरा वर्षांत त्यांनी एक पकडला नाही. इन्सिन्युएट म्हणजे आडून सुचवणं, त्यात सायनस आहे, लॅटिनमध्ये सायनस म्हणजे वळण, घडी, पदराचा खोळ, तर वळणावळणानं आत शिरणं. आपलं आडवळणानं बोलणं तेच झालं. नाकाचा सायनस पण तोच शब्द, नाकाच्या आतली पोकळी.

आणि इथं माझा मुलगा मधे पडला, तो दहावीला, त्याचं त्रिकोणमिती चालू होतं. म्हणला आई, साईन थीटाचा साईन पण त्यातलाच का? मी म्हणलं काहीतरी काय. बघितलं तर तोच निघाला! आणि त्याची कहाणी आपल्याकडंच येते, संस्कृतात ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, तिलाच जीवा पण म्हणायचे, अरबांनी तो उच्चार तसाच उचलला आणि त्यांच्या लिहिण्यात स्वर गाळतात म्हणून पुढं तो जैब असा वाचला गेला, जैब म्हणजे अंगरख्याची घडी, आणि लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यानं घडीला त्यांचा शब्द घातला, सायनस. म्हणजे माझ्यासारख्याच कुणीतरी घाईत पहिला अर्थ टाकला आणि आज जगातली पोरं धनुष्याच्या दोरीला घडी म्हणतायत. मला जरा बरं वाटलं हे वाचून. त्याची नोटीस तर गेली पण.

मान हलवण्याचं अजून एक भावंड, ॲन्युएरे, म्हणजे मान हलवून हो म्हणणं. मामेभाऊ अमेरिकेत असतो, त्यानं दिलेली एक डॉलरची नोट देवघरात लक्ष्मीपुढं असते, तिच्या मागं पिरॅमिडच्या वर लॅटिनमध्ये ॲन्युइट लिहिलंय, म्हणजे देवानं मान डोलावली, कामाला होकार दिला. इतकी वर्षं हळदकुंकू वाहतेय तिला, आता कळलं काय लिहिलंय. ॲब्न्युएरे म्हणजे मानेनं नाही म्हणणं. आपल्याकडं हो ला आणि नाही ला मान साधारण एकसारखीच हलते हा भाग निराळा.

शेवटी नोटिशीत वकीलसाहेबांनी "आडमार्गाने सूचित केलेला अर्थ" असं घातलं. जड आहे, पण चालतंय. मी नुसतं "सूचितार्थ" लिहा म्हणत होते, ते म्हणले चेअरमनना कळायला पाहिजे आपण पैसे कशाचे घेतले.

परत दुकानाकडं. एवढं कौतुक केलं म्हणून तक्रारी लपवत नाही. फॅन नाही, एप्रिल-मेमध्ये आत दहा मिनिटं थांबवत नाही. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी बाहेर थांबून पुस्तक मागावं. एकला बंद होतं ते चारला उघडतं, कधी साडेचार, मधे शटर वाजवू नका, काका आतच झोपलेले असतात. घेतलेलं पुस्तक परत घेत नाहीत, घरी जाऊन पानं कमी निघाली तर तुमची, त्यामुळं तिथंच चाळून घ्या, चिकटलेली पानं तर नक्की बघा, पुरातली बरीच पुस्तकं अजून त्यांच्याकडं आहेत आणि स्वतःहून ते सांगत नाहीत, विचारलं की मात्र खरं सांगतात, त्यांच्या पद्धतीनं, "नदीकाठची आहे ती जरा" असं. मराठी जुने कोश मिळतील का विचारलं होतं, आले तर फोन करतो म्हणले, अजून तरी फोन नाही, तोपर्यंत मी मोल्सवर्थचा 1857 चा कोश नेटवर फुकट बघते, शिकागो विद्यापीठानं टाकलाय, पण तो मराठीतून इंग्रजी, माझं काम उलट्या दिशेचं. दर म्हणाल तर छापील किमतीच्या निम्मा किंवा कमी, भाव करा पण रद्दीवाल्यासारखा करू नका, अनुभवानं सांगते.

काल परत गेले होते, म्हणलं काका, तुमच्या दुकानाबद्दल चांगलं लिहिणार आहे मी नेटवर. काका पुस्तकावरची धूळ झटकत होते, म्हणले, "लिहा की. माणसं येतील. बघतील. फोटो काढतील."

तर जाल तेव्हा काहीतरी विकत घ्या.